उज्जैनची रेषा आमच्या गल्लीतून जाते

मागच्या वर्षी दिवाळीनंतर भोकरदनमध्ये एक व्याख्यान झालं. मांडव, भाड्याच्या खुर्च्या, स्टेजमागं मोठा फ्लेक्स, सगळं नेहमीसारखं. वक्ते बाहेरगावचे होते आणि बोलायला पटाईत. त्यांनी सांगितलं, की एकेकाळी साऱ्या जगाची वेळ उज्जैनवरून ठरायची, पृथ्वीची मध्यरेषा महाकालाच्या पायाशी होती आणि इंग्रजांनी ती उचलून लंडनला नेली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला होता. शेजारच्या पोरानं तेवढ्याच वाक्याचा व्हिडिओ काढून तिथंच स्टेटसला टाकला. रात्री झोपेपर्यंत तो मला तीन-चार ग्रुपवरून परत आला.

अंथरुणावर पडल्या पडल्या मी सहज मोबाइलवर उज्जैनचे अक्षांश-रेखांश काढले. २३ अंश ११ मिनिटं उत्तर, ७५ अंश ४६ मिनिटं पूर्व. मग आपल्या गावाचे काढले. २० अंश १६ मिनिटं उत्तर, ७५ अंश ४६ मिनिटं पूर्व. पुन्हा पाहिलं. रेखांश तोच.

म्हणजे उज्जैनमधून सरळ दक्षिणेकडं रेघ ओढली, तर ती भोकरदनमधून जाते. एक-दोन किलोमीटरचा फरक धरा, गाव काही टिंबाएवढं नसतं. वक्ते ज्या मांडवात उभं राहून त्या रेषेसाठी गळा काढत होते, तो मांडवच त्या रेषेवर होता. त्यांना ते माहीत नव्हतं. आयोजकांना नव्हतं. आम्हा ऐकणाऱ्यांपैकी, ज्यांच्या प्रत्येकाच्या खिशात रेखांश सांगणारं यंत्र होतं, त्यांच्यातही कुणाला नव्हतं. जी गोष्ट आपली आहे म्हणून आपण छाती फुगवतो, ती आपल्या पायाखाली आहे की नाही, एवढं बघायचीही आपल्याला गरज वाटत नाही. माझं भांडण इथून सुरू होतं.

आधी रेषेबद्दल थोडं. जुन्या सिद्धांतग्रंथांत ही मध्यरेषा लंकेपासून मेरूपर्यंत जाते. यातली लंका म्हणजे श्रीलंका नव्हे. विषुववृत्तावर, समुद्रात कल्पिलेली ती एक जागा आहे. वाटेत अवंती, म्हणजे उज्जैन, आणि उत्तरेला कुरुक्षेत्र. ग्रहांचं गणित या रेषेसाठी करायचं आणि आपलं गाव तिच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला जेवढं असेल तेवढी दुरुस्ती द्यायची, अशी ती व्यवस्था होती. चांगली व्यवस्था होती. अरबांनी ती उचलली. त्यांच्या लिपीत उज्जैनचं ‘उझैन’ झालं, लिहिता लिहिता एक नुक्ता गळाला आणि त्याचं ‘अरिन’ झालं. हे अरिन पुढं युरोपातल्या मध्ययुगीन कोष्टकांतही पोचलं. इथवर वक्ते बरोबर होते.

पण हेच पान उलटून बघा. कुरुक्षेत्राचा रेखांश काढा: ७६ अंश ५० मिनिटांच्या आसपास. म्हणजे ग्रंथांत ज्याचं नाव घेतलंय ते कुरुक्षेत्र या रेषेपासून एका अंशाहून जास्त, शंभरेक किलोमीटर पूर्वेला सरकलेलं आहे. आणि ज्याचं नाव कुणीच घेतलं नाही ते भोकरदन बरोबर रेषेवर. यात जुन्या लोकांना हसण्यासारखं काही नाही. अक्षांश काढायला ध्रुवाची उंची किंवा दुपारची सावली पुरते. रेखांश काढायला दोन गावांत एकाच क्षणी वेध घ्यावा लागतो आणि मोबाइल नसताना तो क्षण जुळवायचा म्हणजे चंद्रग्रहणाची वाट बघायची. ते अवघड होतं म्हणून चूक झाली. चूक झाली हे मात्र स्टेजवरून कुणी सांगत नाही.

आणि आमचं गाव काही परवा वसलेलं नाही. हे सातवाहनांच्या काळातलं भोगवर्धन. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं. त्यात हस्तिदंताची एक मूर्ती सापडली, तिचं इटलीतल्या पोम्पेईमध्ये सापडलेल्या मूर्तीशी साम्य आहे. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. पैठणहून उज्जैनकडं जाणारी व्यापाराची वाट आमच्यावरून जायची. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माणूस उज्जैनला जाऊन येत होता. मी चोवीस वर्षांचा होईपर्यंत गेलो नव्हतो. म्हणून ठरवलं, जाऊन बघू.

तारीख मुद्दाम २२ डिसेंबर निवडली. वर्षातली सगळ्यांत लांब रात्र आणि दुपारची सगळ्यांत लांब सावली. सिल्लोड, अजिंठ्याचा घाट, जळगाव, तिथून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून इंदूर आणि सकाळी उज्जैन. सोबत सॅकमध्ये लाइट फिटिंगचा एक मीटर पीव्हीसी पाइप होता. तो कशासाठी, ते पुढं सांगतो. ट्रॅव्हल्सवाल्यानं त्याच्याकडं दोनदा संशयानं पाहिलं.

उज्जैनची वेधशाळा शिप्रेच्या जवळ आहे. सवाई जयसिंगानं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी इथं वेधशाळा बांधल्या, त्यातली ही एक. मथुरेची आता उरलेली नाही. जयपूरची बघून इकडं आलात तर ही अगदी घरगुती वाटेल. जयपूरचं सम्राट यंत्र २७ मीटर उंच आहे, इथलं बावीसेक फूट. एक जिना आकाशाकडं चढत जातो आणि वर काही नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू येतं: हा जिना जातो कुठं? तो ध्रुवाकडं जातो. जिन्याच्या भिंतीचा चढ बरोबर त्या गावाच्या अक्षांशाएवढा, म्हणून ती भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर. दोन्ही बाजूंना कमानीसारखी वळलेली मोजपट्टी. भिंतीची सावली त्या पट्टीवरून सरकते आणि उज्जैनची खरी वेळ दाखवते. त्या दिवशी सावली बारावर आली तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये १२ वाजून २५ मिनिटं झाली होती. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळची. उज्जैन तिच्या पश्चिमेला, म्हणून आपली दुपार उशिरा येते. भोकरदनची दुपारही त्याच मिनिटाला येते. आमच्या गावात बाराचा भोंगा वाजतो तेव्हा सूर्य डोक्यावर यायला, दिवसानुसार, दहा ते चाळीस मिनिटं बाकी असतात. हे मला चोवीस वर्षांत कळलं नव्हतं.

शेजारी नाडीवलय यंत्र आहे. विषुववृत्ताला समांतर ठेवलेलं दगडी दंडगोल. सहा महिने त्याच्या उत्तर तोंडावर ऊन पडतं, सहा महिने दक्षिण तोंडावर. मी गेलो तेव्हा उत्तरेचं तोंड सावलीत गारठलेलं होतं. पलीकडं शंकू यंत्र, गोल ओट्याच्या मधोमध उभा शंकू आणि ओट्यावर महिन्यांच्या रेघा. हे जयसिंगाचं नव्हे. पडझड झालेल्या या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी केला आणि तिथले पहिले अधीक्षक होते गोविंद सदाशिव आपटे. मराठी माणूस. त्यांनी ते यंत्र करून घेतलं. आपल्याकडच्या किती जणांनी आपट्यांचं नाव ऐकलंय? मी तरी तिथं जायच्या आधी ऐकलं नव्हतं.

सगळ्यांत जास्त वेळ मी दक्षिणोत्तर भित्ती यंत्रापाशी थांबलो. ही नुसती एक भिंत, बरोबर उत्तर-दक्षिण उभी. तिच्यावर अंशांच्या खुणांचे कंस आहेत आणि दुपारी सूर्य किती उंचीवर आलाय ते त्यावरून कळतं. मी भिंतीच्या कडेला गाल लावून दक्षिणेकडं पाहिलं. समोर झाडं होती आणि एक पाण्याची टाकी. ती नजर तशीच पुढं, सातपुडा ओलांडून, तापी ओलांडून, अजिंठ्याचा डोंगर ओलांडून गेली असती तर आमच्या गल्लीत उतरली असती. तिथं माझी बहीण गच्चीवर उभी होती.

तेवढ्या वेळात माझ्या आजूबाजूला काय चाललं होतं? एक कुटुंब जिन्यापुढं फोटो काढत होतं. कॉलेजची पाच-सहा पोरं रील करत होती. ‘दुनिया को टाइम हमने दिया’ असं काहीतरी. रीलमध्ये मागं सम्राट यंत्र होतं आणि त्यावर सावली वेळ दाखवत होती. एकानंही मान वळवून ती किती दाखवतेय ते पाहिलं नाही. वेधशाळेच्या कुशीतच आता ८५ फुटी मनोरा आहे, त्यावर ‘विक्रमादित्य वैदिक घड्याळ’. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचे तीस मुहूर्त ते दाखवतं. ते मला वाईट वाटलं नाही, देखणं आहे. पण ते विजेवर आणि सॉफ्टवेअरवर चालतं. आकडा दाखवतं, तो कुठून आला ते दाखवत नाही. शेजारची दगडी भिंत तीनशे वर्षं काहीही न लपवता वेळ सांगतेय आणि लोक मनोऱ्याचा फोटो काढून जातात.

डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं, की जगाची मध्यरेषा ग्रीनिचहून उज्जैनला आणण्यासाठी त्यांचं सरकार प्रयत्न करेल. ग्रीनिचचा किस्सा ऐकून घ्या. १८८४ साली वॉशिंग्टनमध्ये पंचवीस देश बसले. बावीस जणांनी ग्रीनिचला मत दिलं, एकानं विरोध केला, फ्रान्स आणि ब्राझील गप्प राहिले. ग्रीनिच पवित्र होतं म्हणून नव्हे. जगातल्या सुमारे ७२ टक्के जहाजवाहतुकीचे नकाशे आधीच त्या रेषेवर बेतलेले होते म्हणून. साम्राज्याचा जोर त्यात होता, नाही कसा? पण जोर ज्या कामातून आला ते काम होतं रोज रात्री वेध घेण्याचं आणि छापून खलाशांच्या हातात देण्याचं. आणि गंमत म्हणजे ग्रीनिचलाही ती रेषा आता राहिलेली नाही. पर्यटक तिथं पितळी पट्टीच्या दोन बाजूंना पाय ठेवून फोटो काढतात, पण मोबाइलचा शून्य रेखांश त्या पट्टीपासून १०२ मीटर पूर्वेला, बागेत पडतो. मोजणी सुधारली तशी रेषा सरकली. तिकडं कुणी मोर्चा काढला नाही.

आता मूळ प्रश्न. जयसिंगानं या वेधशाळा कशासाठी बांधल्या? याचं उत्तर त्यानं स्वतः दिलंय. ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ नावाची ग्रहांची कोष्टकं त्यानं तयार करवली, फारसीत, मोगल बादशहाच्या नावानं. तिच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की चालू कोष्टकं, मग ती आपली असोत, समरकंदच्या उलुग बेगची असोत की फिरंग्यांची, आकाशात जे दिसतं त्याच्याशी जुळत नाहीत. पितळेची यंत्रं लहान असतात, त्यांचे आस झिजतात, मध्य सरकतात, म्हणून त्यानं दगडचुन्याची मोठी यंत्रं उभारली. मग दिल्लीच्या यंत्रांवरचे वेध बरोबर आहेत का हे तपासायला दुसऱ्या गावांत यंत्रं बांधली. हे दुसऱ्यांदा वाचा. उज्जैनची वेधशाळा दिल्लीच्या वेधशाळेची चूक पकडायला बांधली होती. पोर्तुगालला माणसं पाठवून त्यानं युरोपातली ला हीरची कोष्टकं मागवली, ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक काढली. जगन्नाथ सम्राटाकडून युक्लिड आणि टॉलेमी अरबीतून संस्कृतात आणवले. हिंदू, मुसलमान, फिरंगी, जिथून मिळेल तिथून घ्यायचं आणि घेतलेलं सगळं सावलीपुढं उभं करायचं.

त्याच्याही चुका होत्या. दुर्बिणीला शंभर वर्षं होऊन गेली होती आणि हा अजून भिंती बांधत होता. त्या भिंती कितीही मोठ्या केल्या तरी सूर्य टिंब नाही, अर्ध्या अंशाचं बिंब आहे, त्यामुळं सावलीची कड धूसरच पडणार. पण हा माणूस ‘आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं’ असं म्हणणारा नव्हता. पूर्वजांचं पुस्तक चुकतंय असं उघड म्हणणारा होता. संशय घेण्यासाठी बांधलेली एवढी मोठी वास्तू आपल्याकडं दुसरी नसेल आणि आपण तिच्यापुढं उभं राहून संशय न घेण्याची शपथ घेतो.

आपल्याकडं हे भांडण मराठीतही होऊन गेलंय. एकोणिसाव्या शतकात पंचांगातली ग्रहणं, तिथ्या आकाशाशी जुळेनात, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे, व्यंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक यांनी दृक्प्रत्ययाचा आग्रह धरला. दृक्प्रत्यय म्हणजे डोळ्याला येणारा प्रत्यय. पंचांग म्हणतं आज अमुक तारा अमुक ठिकाणी, तर तो तिथं दिसला पाहिजे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ छापला. त्यांचा पेशा शिक्षकाचा. त्या ग्रंथात जुन्यांचं कौतुक आहे आणि त्यांच्या चुकाही आहेत, एकाच हातानं लिहिलेल्या. आज कुणी तसं लिहिलं तर कमेंटमध्ये अर्धे त्याला भक्त म्हणतील आणि अर्धे देशद्रोही.

इथं एक आक्षेप येतो आणि तो मला टाळता येणार नाही. लोक म्हणतात, ‘अभिमानानं पोरं विज्ञानाकडं वळतात ना, मग काय बिघडलं?’ सहावीच्या नव्या पुस्तकात उज्जैनच्या रेषेचा उल्लेख आलाय, चांगलंच आहे की. बरोबर आहे. मी स्वतः त्या व्याख्यानामुळंच उज्जैनला गेलो. टाळ्या वाजवल्या नसत्या तर रेखांश काढला नसता. पण माझ्यासोबत टाळ्या वाजवलेल्या बाकीच्यांचं काय? त्यांना कुणी सांगितलं नाही, की घरी जाऊन काठी उभी करा. वक्त्यांना ते सांगायला एक मिनिट लागलं असतं. त्यांनी सांगितलं नाही, कारण मोजायला बसलेला माणूस पुढच्या वाक्यावर टाळी वाजवत नाही, तो विचारतो, ‘किती?’ आणि कुरुक्षेत्राचं काय, असंही विचारतो.

जे दुसऱ्या टोकाला आहेत, ‘जंतरमंतर म्हणजे राजाची हौस, आपल्याकडं विज्ञान नव्हतंच’ असं म्हणून मोकळे होणारे, त्यांनाही मी काठी घेऊन उभं राहिलेलं पाहिलेलं नाही.

आता पाइपची गोष्ट.

भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त पृथ्वीचा परीघ काढायची रीत दिली आहे. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरची दोन गावं घ्या. त्यांच्या अक्षांशांतला फरक काढा, दोघांमधलं अंतर मोजा, आणि त्रैराशिक मांडा: एवढ्या अंशांना एवढं अंतर, तर ३६० अंशांना किती? उदाहरण म्हणून त्यांनी उज्जैनच घेतलंय: विषुववृत्तापासून अवंती परिघाच्या सोळाव्या भागावर. सोळावा भाग म्हणजे साडेबावीस अंश, प्रत्यक्षात २३ अंशांच्या थोडं वर. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला, त्याला दान मिळाल्याचा शिलालेख तिथं आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भोकरदनपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. (त्या मठात गवंड्याच्या पोराला बसू दिलं असतं असं मला वाटत नाही. तेही या अभिमानात धरायला हवं.)

मी गवंड्याचा पोरगा. बहिणीला फोनवर रीत सांगितली तेव्हा पप्पा ऐकत होते. ते सातवी शिकलेत. म्हणाले, “पाइप सरळ उभा कामून राहील? ओळंबा लाव. आन् गच्ची उताराची आहे, पाणी जायला ढाळ दिलाय मीच. लेव्हल बघ आधी.” मी दोन पुस्तकं वाचून ठरवलेल्या प्रयोगात ही गोष्ट नव्हती. त्यांनी गच्चीवर फरशी टाकली, पाणलेव्हलच्या नळीनं ती समपातळीत आणली, ओळंब्यानं पाइप उभा केला. मी उज्जैनमध्ये वेधशाळेच्या आवाराबाहेर, एका सपाट सिमेंटच्या तुकड्यावर, दोऱ्याला नट बांधून तेच केलं. जमिनीची लेव्हल माझ्याकडं नव्हती. पाण्याची बाटली आडवी ठेवून बुडबुडा मध्ये येतोय एवढं बघितलं.

१२ वाजून १० मिनिटांपासून दर मिनिटाला सावलीच्या टोकाशी खूण. इकडं मी, तिकडं ती, कानाला फोन. १२:२५च्या आगेमागे दोन्हीकडं सावली सगळ्यांत आखूड झाली. सव्वातीनशे किलोमीटरवर, एकाच मिनिटाला. मला त्या क्षणी जे वाटलं ते मांडवात वाटलं होतं त्याहून वेगळं होतं, आणि ते स्टेटसला टाकावंसं वाटलं नाही.

आकडे: माझी सावली १०५.५ सेंटिमीटर, तिची ९६. म्हणजे डोक्यावरच्या बिंदूपासून सूर्य उज्जैनला ४६.५३ अंश कललेला, भोकरदनला ४३.८३. फरक २.७ अंश. नकाशावर सरळ अंतर सुमारे ३२१ किलोमीटर. त्रैराशिक मांडलं, पृथ्वीचा परीघ आला ४२,८०० किलोमीटर.

खरा परीघ ४०,००० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आम्ही २,८०० किलोमीटरनं चुकलो.

बहीण हिरमुसली. मी मात्र परतीच्या प्रवासात रात्रभर चूक शोधत होतो. सावलीच्या टोकाला दीड-दोन सेंटिमीटरचा धूसर पट्टा पडतो, सूर्याच्या बिंबामुळं. जयसिंगाला नडला तोच आम्हाला नडला. त्यात टोक कुठं धरायचं? मी पट्ट्याच्या मध्यावर धरलं, तिनं थोडं बाहेर. आणि या मापात अर्धा सेंटिमीटर चुकला की पृथ्वी दोन हजार किलोमीटरनं फुगते. शिवाय एक लबाडी माझ्या लक्षात आली, ती आधी कबूल करतो: ३२१ किलोमीटर मी मोबाइलच्या नकाशावरून घेतले आणि त्या नकाशाला पृथ्वीचा आकार आधीच माहीत असतो. खरं तर अंतर चालून किंवा चाकानं मोजायला हवं. भोगवर्धनचे व्यापारी ते बैलगाडीच्या मुक्कामांत मोजत असणार.

गावात आल्यावर मी एका शाळेत गेलो. नाव सांगत नाही, कुठलीही शाळा धरा. म्हटलं, सर, आपली शाळा उज्जैनच्या रेषेवर आहे, पोरांकडून सावली मोजून घेऊ. मीटरची काठी आणि पोरं एवढंच लागेल. आणि मे महिन्याच्या २१-२२ तारखेला, दुपारी १२ वाजून २३-२४ मिनिटांनी सूर्य आपल्या गावात बरोबर डोक्यावर येतो, सावली गायब होते, तेव्हा कार्यक्रम ठेवू. सरांनी चहा पाजला. म्हणाले, मेमध्ये सुट्ट्या. मी म्हटलं, तोच सूर्य जुलैच्या २२ तारखेच्या सुमारास परत डोक्यावर येतो. म्हणाले, तेव्हा ढग. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्यामुळं मला राग धरता येईना. मग डिसेंबर? म्हणाले, डिसेंबरात स्नेहसंमेलन असतं, आणि वरून काही परिपत्रक आलं तर बघू. उठताना त्यांनी भिंतीवरचा नवा फ्लेक्स दाखवला. ‘प्राचीन भारताचे वैज्ञानिक’, त्यात भास्कराचार्यांचं चित्र. मी विचारलं, यांच्या रीतीनं एकदा परीघ काढून बघायचा का? सर हसले.

पप्पांना ही सगळी हकीकत जेवताना सांगितली. शाळेचं ऐकून ते काही बोलले नाहीत. त्यांना चुकीचं पडलं होतं. “टोक धूसर दिसतं म्हणतो ना? मंग टोक धरूच नको.” दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्यांनी एक लोखंडी वायसर आणला. पाइपच्या डोक्यावर तो असा बसवला, की त्याच्या भोकातून ऊन खाली पडावं. फरशीवर पाइपच्या सावलीत वायसरची गोल सावली पडली आणि तिच्या मधोमध उजेडाचा एक छोटा ठिपका. सूर्याचंच बिंब, कड जरा मऊ, पण मध्य पेन्सिलीनं धरता येईल असा. बहिणीनं तिथं खूण केली. मिनिटभरानं ठिपका पेन्सिलीच्या खुणेवरून थोडा पूर्वेला सरकला होता. पप्पा म्हणाले, “आता उज्जैनला पण असाच एक घेऊन जा. वायसर एकाच मापाचे घे, नाहीतर परत गल्लत.”

दोन घेऊन ठेवलेत. उज्जैनला किंवा भोकरदनच्या उत्तर-दक्षिणेला त्या रेषेवर कुणी राहत असेल तर सांगा, तिसराही आणतो.